दगडाची खालची बाजू

१

रोज सकाळी चहा झाला, की प्रफुल मोटरसायकल काढायचा आणि शिवारभर फिरून कंपनीच्या पेट्या बघून यायचा. हिरव्या रंगाच्या, गुडघाभर उंचीच्या लोखंडी पेट्या. आत जमिनीचा बारीकसा हादरा आणि तिचा कल मोजणारी यंत्रं होती म्हणे. त्यातलं त्याला फारसं कळत नव्हतं आणि कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. बॅटरीचा दिवा हिरवा आहे ना, उंदरानं वायर कुरतडली नाही ना, एखाद्या म्हशीनं अंग घासून पेटी वाकडी केली नाही ना, एवढं बघायचं आणि मोबाइलच्या ग्रुपवर ‘सर्व ठीक’ टाकायचं. एवढ्याशा कामापायी गावातले लोक त्याला सायेब म्हणू लागले होते. त्यात कौतुक थोडं आणि टिंगल जास्त होती, पण टिंगलही त्याला गोड लागायची.

कंपनी धूर पुरते, असं गावात म्हणत. धूर नव्हे, कारखान्यांच्या धुरातला वायू. तो टँकरनं आणायचा, दाबून दाबून त्याचं पाणी करायचं आणि गिरडच्या टेकडीच्या अलीकडं, काळ्या दगडाच्या थराखाली खोल सोडून द्यायचा. वर राहिला तर जगाला ताप, खाली गेला की कायमचा गेला. सभेत तसं सांगितलं होतं. सभेत चिवडाही चांगला होता, त्यामुळं कुणी जास्त विचारलं नाही.

पेट्या झाल्या, की घरी जाताना तो आपल्या शेताच्या कडेनं जायचा. नाल्याकडच्या कोपऱ्यात जमीन खोलगट होती, तिथं पळसाखाली उगवतबाबाचा दगड होता आणि दुपारच्या जेवणाआधी त्याची आई, सुलोचनाबाई, तिथं दिवा लावायची. दिवा लावून दगडाला कपाळ टेकायचं, घडीभर तसंच बसायचं, मग घरी येऊन भाकर खायची. हे इतकी वर्षं चालू होतं, की प्रफुलचं तिकडं लक्षही जात नसे.

त्या दिवशी ती काड्यापेटी हातात घेऊन नुसतीच बसली होती.

“दिवा राह्यत नाई रे आज.”

“वारा असन, माय.”

“वारा कुठं हाय? पयसाचं पान तं हालून नाई राह्यलं.”

खरंच हलत नव्हतं. प्रफुल खाली उतरला, त्यानं काडी ओढली आणि वातीजवळ नेली. काडी दगडाच्या उंचीला आली आणि विझली. फडफडली नाही, की वाकडी झाली नाही. पाण्यात बुडवावी तशी विझली. त्यानं दुसरी ओढली, ती छातीशी धरली, तर शांतपणे जळत राहिली. खाली नेली, की गेली.

याचा अर्थ त्याला कळला होता.

“तेल खराब आलं असन,” तो म्हणाला. घरी जाऊन त्यानं ग्रुपवर ‘सर्व ठीक’ टाकलं.

२

उगवतबाबा कुठून आला, हे गावात कुणाला माहीत नव्हतं. म्हणूनच तो उगवतबाबा. माहीत होतं ते एकट्या प्रफुलला.

त्याच्या बापानं, तानबानं, त्या कोपऱ्यात बोअर मारला होता. कडुलिंबाची फांदी घेऊन फिरणाऱ्या पानाड्यानं जागा दाखवली, गाडी आली, दिवसभर जमीन खणखणली आणि पाण्याच्या जागी पांढरी धूळ उडाली. गाव बघायला जमलं होतं, गाव हसलं. कोरड्या बोअरचं त्या भागात नाव काढत नाहीत, बोट दाखवत नाहीत. त्याच्यावरून वाट असली तर वाट बदलतात. तानबानं त्यावर एक फरशी टाकली आणि मरेपर्यंत त्या कोपऱ्यात नांगर घातला नाही. फरशी कुणीतरी उचलून नेली. भोक उघडं पडलं.

प्रफुल तेव्हा शाळेत होता. एखादं वासरू पाय घालेल म्हणून त्यानं नाल्यातला एक चपटा दगड लोटत आणून भोकावर ठेवला. हाही कुणी नेईल, अशी धास्ती होती. मग त्यानं मारोतीच्या देवळातून वाटीभर शेंदूर आणला आणि हाताची चार बोटं बुडवून दगडावर ओढली. शेंदूर लागलेला दगड कोण उचलतं?

युक्ती झकास होती, फक्त जास्तच झकास निघाली. दुसऱ्या दिवशी आई कापूस वेचायला गेली, तिनं दगड पाहिला आणि तिथंच लोटांगण घातलं. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात ती कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. त्या दुपारी ती घरी आली आणि पोटभर जेवली. आता तिला सांगायचं कसं?

पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दगडावरचे फराटे दाखवायची. “पाहा. चार बोटं. मधलं आखूड. मानसाचा हात नोहे हा.” अशा वेळी प्रफुल उजवा हात खिशात घालायचा. लहानपणी कडबा कापायच्या मशीनमध्ये त्याच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं.

३

कंपनी आली तेव्हा पहिलं काम बोअर मोजायचं होतं. दामिनी मॅडम नागपूरच्या होत्या, खडकांचा आणि जमिनीतल्या दाबाचा त्यांचा अभ्यास होता, आणि बोलणं साधं होतं. प्रफुल त्यांना शिवार दाखवत फिरला.

“चालू, बंद, बुजलेला, कोरडा, सगळे दाखवायचे, प्रफुलभाऊ. खाली वायू भरला, की दाब वाढतो. खडकात जुन्या भेगा असतात, दबून बसलेल्या. दाब वाढला की त्या सरकू शकतात. मग थोडा हादरा बसतो, जमीन थोडी फुगते. तेवढं आम्ही सांभाळतो, पंप हळू करतो. पण भेगेच्या डोक्यावर एखादा विसरलेला बोअर असला ना, तर वायूला आयता रस्ता. आधी कळलं तर सिमेंट भरून टाकता येतो.”

नाल्याकडच्या कोपऱ्यात त्या थांबल्या. “इथे?”

“इथं देव हाय, मॅडम.”

“बोअर नाही ना कुठला?”

सिमेंट भरायचं म्हणजे दगड उचलायचा. दगड उचलला, की खाली तानबाचा लोखंडी पाइप. गाव दुसऱ्यांदा हसणार, आणि आई तिथंच उभी असणार.

“नाई,” प्रफुल म्हणाला. “इथं काही नाई.”

मॅडमनी बूट काढले, लांबूनच हात जोडले आणि त्या पुढच्या शेतात गेल्या. ते बूट काढणं प्रफुलला पुढं किती दिवस टोचत राहिलं. नुसतं मान हलवून त्या गेल्या असत्या, तर बरं झालं असतं.

४

दिवा विझायला लागल्यापासून घरातही काहीबाही होऊ लागलं. स्वयंपाकघराचं दार चौकटीला घासायला लागलं. रक्षा, प्रफुलची बायको, एका दुपारी तूर पाखडत बसली होती. सुपातून दाणे सांडले, की सगळे घरंगळत एकाच कोपऱ्याला जात होते. शेताकडच्या.

“अहो, घर कलंडून राह्यलं का आपलं?” ती हसत म्हणाली.

“जुनी फरशी हाय,” प्रफुल म्हणाला. हसू काही त्याला आलं नाही.

आई मात्र खुशीत होती. इतकी खुशीत, की तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

“बाबा बोलून राह्यला आता,” ती जेवताना म्हणाली.

“काय बोलते?”

“नीट समजत नाई अजून. लेकरू तोंडात घास घिऊन बोलते ना, तसं. खालून. पन बोलते मलेच, हे नक्की.”

“माय, तुवं डोकं दुखते ना तिथून आल्यावर?”

“दुखते. देवाजवळ बसल्यावर थोडं जड होनारच ना, बापा.”

त्याच आठवड्यात ग्रुपवर मॅडमचा निरोप आला. नाल्याकडच्या पेटीचा कल वाढतो आहे, तिथं जमिनीला तडा वगैरे दिसतो का, बघून सांगा.

प्रफुल दुपारी एकटाच गेला. ऊन होतं, कापूस फुटला होता, लांब गिरडची टेकडी आणि दर्ग्याचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसत होता. घाबरायसारखं काही नव्हतं. तो खोलगटाच्या काठावर उभा राहिला, आत उतरला नाही.

दगड वाजत होता. टक्. मग बराच वेळ शांत. मग टक्. भाताच्या भांड्यावरचं झाकण वाफेनं उचलतं आणि पडतं, तसा त्याचा एक काठ किंचित उचलायचा आणि खाली बसायचा. वायू. दुसरं काय असणार? दाब आला, की उचलतो, निघून गेला, की बसतो. मॅडमनी हेच सांगितलं होतं, त्यात न कळण्यासारखं काय आहे?

तो खाकरला.

टक्.

योगायोग. तो वाट बघत राहिला. दगड गप्प. पळस गप्प. शेवटी न राहवून, स्वतःचीच लाज वाटत, तो हळूच म्हणाला, “कोन हाय?”

दगडाचा काठ उचलला. आणि या वेळी तो लवकर खाली बसला नाही. खालच्या काळ्या फटीतून कुणीतरी बघत असावं, तेवढा वेळ तो तसाच उचललेला राहिला.

प्रफुल मागं वळला आणि मोटरसायकलवर बसला. घरी पोचून त्यानं मोबाइल काढला. ‘तडा नाही. सर्व ठीक.’

५

सांगायचं त्याच्या मनात होतं. कुणाला पटो न पटो, पण रोज सकाळी तो सांगायचं ठरवूनच निघायचा. एकदा तर तो कंपनीच्या पत्र्याच्या ऑफिसपर्यंत गेला, दामिनी मॅडमसमोर खुर्चीत बसला.

“बोला ना, प्रफुलभाऊ.”

“नाई, थे... नाल्याकडच्या पेटीची बॅटरी बदलाव लागते.”

तिथून निघाल्यावर त्यानं स्वतःला शिव्या घातल्या. मग त्यानं अर्धंमुर्धं काहीतरी केलं. माणूस खरं करायला भितो तेव्हा असंच अर्धंमुर्धं करतो. बांधावर, उंचावर, त्यानं चार विटांचा देव्हारा केला आणि आईला सांगितलं, बाबाला आता दिवा इथं पाहिजे.

“तुले कोनं सांगतलं?”

“सपनात आलता.”

सुलोचनाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग तिनं दिवा उचलून बांधावर ठेवला. तिथं तो छान जळला. प्रफुलला इतकं हलकं वाटलं, की त्या दुपारी तो दोन भाकरी जास्त जेवला. आता सगळं निभावलं, असं त्याला वाटलं. खाली काही असलं तरी ते खाली, आणि आई वर.

६

ती सापडली भर दुपारी. जेवायला आली नाही म्हणून रक्षानं हाक मारली आणि प्रफुल धावत गेला.

बांधावरचा दिवा जळत होता. आई खाली होती.

खोलगटाच्या काठाशी मुंग्यांची रांग होती. रांग सरळ खाली गेलेली, पण तिच्यातली एकही मुंगी हलत नव्हती. चालता चालता जागच्या जागी मेलेल्या. त्यापलीकडं एक सरडा, दोन फुलपाखरं. आणि दगडाजवळ सुलोचनाबाई गुडघ्यांवर, कपाळ टेकलेली नव्हे, तर कान लावलेली. दाराआडून कुणी बोलत असलं की लावतात तसा. तोंडावर हसू होतं.

प्रफुलनं श्वास कोंडला आणि उडी मारली. काखेत हात घालून तिला ओढलं. ती जड लागली. जितकी असायला हवी, त्याहून जड. दुसऱ्या बाजूनं कुणी धरून ठेवलं असावं, तशी. हे नंतर आठवलं की तो स्वतःची समजूत घालायचा, बेशुद्ध माणूस जडच लागतो. पण तेव्हा त्यानं तोंड उघडलं होतं, होता नव्हता तो श्वास सोडून ओरडला होता, “सोड!” आणि ती लगेच हलकी झाली होती.

७

वर्ध्याला दवाखान्यात नाकाला नळी लावल्यावर संध्याकाळच्या आत तिनं डोळे उघडले. रक्षा चहा आणायला गेली होती. प्रफुल उशाशी बसला होता. आता नाही सांगितलं, तर आपण माणूस नाही, असं त्याला वाटलं.

“माय, थो देव नोहे. बाबानं मारलेला कोरडा बोअर हाय थो. दगड म्या ठेवला, शेंदूर म्या लावला. लहान होतो.”

“मले माईत हाय,” सुलोचनाबाई म्हणाली.

“कवापासून?” त्यानं विचारलं.

“पहिल्याच दिवशी वळखलं. मावं पोरगं मी नाई वळखनार? मधलं बोट आखूड. मानसाचा हात नोहे म्हनो मी, तं लोकांसाठी. तू एवढं केलं, म्हनून मी जात होती, बापा. तुव्या हातावर कपाळ टेकत होती मी रोज.”

प्रफुलला रडू कोसळलं. तिनं त्याचा उजवा हात धरला, आखूड बोटावरून अंगठा फिरवला आणि मग एकदम डोळे बारीक केले.

“पन तू वर कवा आला?”

“मंजे?”

“तूच तं बोलावलं ना मले. खालून. ‘माय, मले वर घे,’ म्हने. लय दिवसांचा म्हनून राह्यलास. आज साफ आयकू आलं. तुवाच आवाज. मी कान लावला, म्हटलं हात दे, बापा, तं तू म्हने, दगड जड हाय, म्याच ठेवला, आता माव्याच्यानं निघत नाई.” तिचे डोळे भरून आले. “वर येऊन गेलास का तू? का थो अजून तिथंच हाय?”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा वायूनं माणसाला भास होतात. प्रफुलनं ते वाक्य मनात घट्ट धरलं.

“माय, कंपनीचे लोक आता सिमेंट भरतीन तिथं.”

ती अर्धी उठून बसली. तिच्या हातात इतका जोर कुठून आला, कोण जाणे. “त्याच्या आधी काहाडजो त्याले. कबूल कर. पोरगा हाय थो मावा.”

“काहाडतो.”

“शपथ?”

“शपथ, माय.”

८

दामिनी मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंप बंद करायचा फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, “मी तिथे बूट काढले होते, प्रफुलभाऊ.” त्यापेक्षा ओरडल्या असत्या, तर परवडलं असतं.

दाब उतरायला दिवस गेले. मग सकाळीच सिमेंटची गाडी आली. खोलगटात मोठे पंखे लावून हवा मोकळी केली, मॅडमनी मीटर फिरवून पाहिलं आणि मान हलवली. गाव बांधावर जमलं होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर प्रफुलनं ते आनंदानं ऐकून घेतलं असतं.

दगड उचलायला तो स्वतः पुढं झाला. दुसऱ्या बाजूला गाडीवरचा कैलास होता. दोघांनी पहार घातली आणि दगड गवतावर उलथा पडला.

खाली तानबाचा गंजलेला पाइप होता. हाताच्या वितीएवढं तोंड, आत काळोख. पण त्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

दगडाची खालची बाजू शेंदरी होती. वरचे फराटे वर्षानुवर्षांच्या तेलानं काळवंडले होते. हे ताजे होते, ओले होते, त्यावर ऊन चमकत होतं. चार बोटांचे फराटे, एकावर एक, पुन्हा पुन्हा ओढलेले, सगळे काठाकडं गेलेले. वरचा हात पोराचा होता. हा मोठ्या माणसाचा होता. मधलं बोट आखूड.

प्रफुलनं उजवा हात खिशात घातला.

दामिनी मॅडम खाली वाकल्या, त्यांनी फराट्याला बोट लावलं आणि ते बघत राहिल्या. “हे इकडून कोणी लावलं?”

“मीच,” प्रफुल म्हणाला. “लहानपनी.”

“ओलं आहे.”

“माय तेल वतते रोज. झिरपलं असन.”

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या खिशाकडं. काहीतरी विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. “आत काही नाही ना, प्रफुलभाऊ? भरायच्या आधी विचारते. या वेळी खरं सांगा.”

पाइपच्या तोंडातून गार हवा येत होती. त्यात शेंदराचा आणि तेलाचा वास होता. आणि फार खालून, कुणी तोंडात घास घेऊन बोलावं तसं, काहीतरी येत होतं. दगड नसल्यामुळं आता ते बरंच स्पष्ट होतं. आवाज ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. आपला आवाज माणूस ओळखतोच.

त्यानं कैलासकडं पाहिलं. कैलास मिक्सरच्या घरघरीजवळ उभा होता, त्याला काही ऐकू येत नव्हतं.

“नाई,” प्रफुल म्हणाला. “आत काही नाई. भरा.”

नळी आत गेली. सिमेंट खाली जायला लागलं आणि बराच वेळ जातच राहिलं. मॅडम वहीत काही लिहीत होत्या, बांधावरची माणसं हळूहळू घरी निघाली होती. खिशातला मोबाइल वाजला. रक्षाचा होता, पण बोलत आई होती.

“काहाडला का रे त्याले?”

प्रफुलनं मोबाइल कानाशी दाबून धरला, म्हणजे दुसरं काही ऐकू येऊ नये.

“हो, माय,” तो म्हणाला. “काहाडला.”